होळी कुठल्या बाजूला पडली

१० मार्च, सोमवार

चिमणी पाडणार. पुढच्या सोमवारी. कारखाना बंद पडून इतकी वर्षं झाली, तेव्हा कोणाला तिची आठवण नव्हती. आता जागा विकली गेली म्हणून घाई.

कंपनीचा एक तरुण साहेब माहूलला आला होता. देवेश नाव. मुलुंडला राहतो, मूळचा संगमेश्वरकडचा. देवळासमोर सगळ्यांना जमवून चित्र काढून दाखवलं — चिमणीचा बुंधा एका बाजूने कापायचा, पोकलेनने तार ओढायची, की ती बरोबर कारखान्याच्या मैदानात आडवी. गावाकडे नाही, खाडीकडे तर नाहीच. मी विचारलं, "आणि नाही ऐकलं तिने तर?" सगळे हसले. तोही हसला. "ताई, सगळं गणित केलेलं आहे," म्हणाला.

बाबा हसले नाहीत. समुद्रावरून परत येताना चिमणी आणि मागच्या टेकडीवरच्या देवळाचा कळस एका रेघेत आले की होडी खाडीत वळवायची — हे त्यांना त्यांच्या बापाने शिकवलं. जरा इकडेतिकडे झालं की होडी गाळात रुतलीच. ते देवेशला म्हणाले, "ती गेल्यावर आमी कुठं बघायचा?"

"काका, आता मोबाइलवर सगळं दिसतं की."

बाबा उठून घरी आले. चहासुद्धा घेतला नाही.

११ मार्च

चेंबूरच्या बाजारात आज सगळ्या गिऱ्हाइकांचा एकच प्रश्न. "अगं कल्पिता, चिमणी पाडली की आमच्या गॅलरीत धूळ येईल का?" येईल बाई, येईल. पापलेट घे आणि खिडक्या लावून बस.

१२ मार्च, बुधवार

उद्या आमची होळी. सगळ्या होड्या घरी आल्या. दिवसभर रंग, पताका, झेंडूच्या माळा. आमच्या होडीला दादूने निळा रंग काढला, पुढच्या टोकाला, नाळेवर, पिवळे डोळे. माझा भाऊ एरवी एक काम धड करणार नाही, पण होळीला त्याचा हात लागला की बघत राहावं.

होळीचा उंच खांबही आणून ठेवलाय. उद्या रात्री तो पेटला की दादू दोरी धरणार. जळता खांब कुठल्या बाजूला पडतो ते सगळं गाव बघतं. खाडीच्या बाजूला पडला की वर्ष चांगलं. दादूच्या हातून तो खाडीच्याच बाजूला पडतो, त्यामुळे तो आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडतो.

दुपारभर चिमणीच्या बुंध्याशी कटर चालू होतं. दात शिवशिवले. चार वाजता बंद पडलं. देवेश गाडीत बॅग टाकताना दिसला. "शिमग्याला गावी चाललोय ताई. आमची पालखी असते ना! पोरांनापण सुट्टी दिली. सोमवारी येऊन उरलेलं काम उरकतो."

मी म्हटलं, अर्धी कापलेली अशीच ठेवून?

"ती कुठे जातेय," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी घरात वाजलं. दादू चाळिशीचा झाला, तरी सुकाणू अजून बाबांच्याच हातात. दादू म्हणाला, यंदा नारळी पौर्णिमेपासून मी सुकाणू धरणार. बाबा म्हणाले, "तू अजून रेघ चुकतंस. तुना नाय जमनार." मग दादूचं डोकं फिरलं. "कसली रेघ? सोमवारी चिमनी गेली का तुमीपन आंधलेच!" असं बापाला बोलतात? मी त्याला बाहेर ढकललं. होळीसाठी घेतलेला नवा शर्ट त्याच्या अंगावर फेकला. तो उचलून म्हणाला, "जातंय मी होरीवर झोपाला."

जा म्हटलं. नाहीतरी आज कोणीतरी जायलाच हवं होतं. होळीच्या आदल्या रात्री सजवलेली होडी एकटी ठेवत नाहीत. घरचा एक माणूस तिच्यात झोपतोच — माझा आजा झोपला, बाबा झोपले, आता दादू. शर्ट आणि फोन घेऊन गेला. जेवला नाही गाढव.

१३ मार्च

चिमणी पडली. आपोआप. पहाटे. खाडीत, आमच्या होडीवर. दादू होडीत होता.

१४ मार्च, शुक्रवार

लिहिते. लिहिलं नाही तर कोणाचं तरी डोकं फोडीन.

काल पहाटे मी चुलीशी होते. आधी जमीन हलली, मग आवाज आला. बाहेर आले तर चिमणीच्या जागी नुसतं आभाळ. माणूस दिसेना इतकी धूळ. बाबा धावत धक्क्यावर गेले, त्यांच्यामागे मी. ओहोटी होती, होड्या चिखलात बसलेल्या. चिमणी खाडीत आडवी पडली होती — या काठापासून त्या काठापर्यंत तिचे तुकडे, खोलीएवढाले. आमची होडी टोकाला होती. तिची फक्त मागची पताका वर दिसत होती.

बाबा कमरेएवढ्या चिखलात शिरले. तुकड्याला हात लावून हाका मारत होते. "दादू, ए दादू." मीही मारल्या. बंबवाले आले, शिड्या, दोर, बॅटऱ्या सगळं आलं, पण तो तुकडा हलवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. दुपारी उधाणाची भरती आली आणि सगळं पाण्याखाली गेलं. बाबांना चौघांनी धरून वर काढलं.

संध्याकाळी टीव्हीवर कंपनीचा मोठा साहेब — "जोरदार वाऱ्यामुळे चिमणी वेळेआधी कोसळली. सुदैवाने जीवितहानी नाही."

वारा! काल पहाटे होड्यांच्या पताका फडक्यासारख्या लोंबत होत्या, मी डोळ्यांनी बघितल्या. आणि जीवितहानी नाही म्हणे. माझा भाऊ कुणी नव्हता का मग?

काल रात्री होळी पेटवली. पेटवावी लागते. कोणी गाणं म्हटलं नाही, दोरी कोणी धरली नाही. मी घरात भिंतीकडे तोंड करून बसले होते.

१५ मार्च

देवेश आला. पालखी टाकून आला वाटतं, कानात अजून गुलाल. तोंड पांढरं पडलेलं. म्हणाला, "ताई, तुम्ही नक्की बघितलंत का त्याला होडीत झोपलेलं?"

मी म्हटलं, त्याने सांगितलं होडीवर जातो, आणि गेला.

"पण बघितलं कोणीच नाही ना? घर एवढं जवळ असताना माणूस होडीत कशाला झोपेल?"

त्याला रीत सांगितली. आजापासून सांगितली. तो मान हलवत राहिला, आणि मला कळलं की हे वर जाऊन सांगणार, कोळ्यांची अंधश्रद्धा आहे. मी विचारलं, "तुझी पालखी रात्री एकटी ठेवतोस का रे?" तो कानातला गुलाल पुसत बसला.

पोलिसांचंही तेच. भांडण झालं होतं ना घरात? मग गेला असेल कुठे तरी. येईल. थांबा थोडे दिवस. फोन लावून बघितला का? लावला. शंभर वेळा लावला. बंद आहे. खाडीखाली फोन बंद नसतो तर काय वाजतो?

१७ मार्च, सोमवार

आज चिमणी पाडायची होती!

मच्छीमार सोसायटीचे चेअरमन सहदेवकाका कंपनीत जाऊन आले. खाडीचं तोंड बंद आहे, एकही होडी बाहेर पडू शकत नाही, त्याचं काय? उत्तर मिळालं — मलबा अवजड आहे, मोठी क्रेन बार्जवरून आणावी लागेल, परवानग्या लागतील, पावसाळ्यानंतर बघू. पावसाळ्यानंतर! म्हणजे हा हंगाम गेला. तोवर गाव काय दगड शिजवून खाणार? काका म्हणाले, "आपन जरा दमानं घेऊ. ते नवीन धक्का बांधून देऊ म्हनतान."

मी सगळ्यांसमोर विचारलं, "नवीन धक्का माझ्या भावाच्या अंगावर बांधणार का?"

काका वयाने मोठे आहेत. तरी बोलले. कोणीतरी बोलायला हवंच होतं.

घरी येताना शेजारच्या कमळआत्याने हात धरला. प्रेमानेच म्हणाली, "रुसून गेला असंल गो कुठंतरी. येल. लहानपनीपन असाच जायचा." मी हात झटकला. होळीच्या आदल्या रात्री होडी एकटी टाकून जाईल माझा भाऊ? रीत मोडेल? बापाशी कितीही भांडला तरी हे नाही करणार. आत्या, तूही त्यांच्यातलीच झालीस.

बाबा प्रत्येक ओहोटीला जाऊन त्या तुकड्याशी उभे राहतात. आता हाका मारत नाहीत.

१९ मार्च

पंचनामा वाचून दाखवला. त्यात — "एक रिकामी होडी." मी म्हटलं, रिकामी काढा. हवालदार म्हणाला, मॅडम, माणूस सापडला नाही तर रिकामीच लिहिणार. मी म्हटलं, मलबा उचलल्याशिवाय सापडेल कसा? तो म्हणाला, जीवितहानी नाही तर तातडीने उचलणार कशाला?

असं हे चक्र. माणूस नाही म्हणून उचलत नाही, उचलत नाही म्हणून माणूस नाही. ज्याने शोधून काढलं त्याचे पाय धुवावेत.

सही केली नाही. बाबांनाही करू दिली नाही.

२० मार्च

दुपारी झोप लागली. स्वप्नात दादू भूक लागली म्हणाला. जेवला नव्हता त्या दिवशी. मी ताटावर बसवून घ्यायला हवं होतं. इतकंच.

२१ मार्च, शुक्रवार

डोकं चाललं. आज आम्ही बायका चेंबूरला कंपनीच्या ऑफिसात गेलो. मोर्चा नाही, घोषणा नाहीत. भाऊच्या धक्क्यावरून पाट्या भरून ओला जवळा आणला आणि गेटसमोरच्या स्वच्छ फरशीवर वाळत घातला. आमच्या होड्या अडकल्यात, आमचं वाळवण अडकलंय, मग वाळवायचं कुठे?

ऊन असं कडक की तासाभरात वास तिसऱ्या मजल्यावर. साहेब लोक नाकाला रुमाल लावून आत-बाहेर. वॉचमन आला — "मावशी, उठा ना, यार, माझी नोकरी जाईल." त्याला खाऊ घातलं आणि बाजूला बसवलं. एक मॅडम म्हणाली, ही काही पद्धत झाली का? म्हटलं, हीच आमची पद्धत आहे. अर्धी चिमणी कापून सणाला गावी जायची तुमची.

सगळ्यात पुढे कोण बसली होती? कमळआत्या. सकाळी पाटी घेऊन दारात उभी राहिली. "तो खाली हाय का नाय, मना ठाव नाय. पन तू बसनार तर मी बसनार." मी तिला मिठी मारली नाही, पण मारावीशी वाटली.

२२ मार्च

आजही बसलो. आज बोंबीलही.

२४ मार्च, सोमवार

क्रेन आली! भरतीबरोबर बार्ज ओढत आणली. पावसाळ्यानंतरच्या परवानग्या तीन दिवसांत कशा मिळाल्या, देव जाणे आणि जवळा जाणे. टीव्हीवाल्यांनी वासाची बातमी केली होती, शेवटी भावाचंही नाव घेतलं. कंपनीचं आता म्हणणं — "एका व्यक्तीच्या शोधासाठी तातडीने काम हाती घेतले आहे." एका व्यक्तीच्या. चला, दादू व्यक्ती झाला.

मी कंपनीला सांगितलं आहे, शेवटचा तुकडा निघेपर्यंत गेटवरून उठणार नाही. एखादा शोभेपुरता उचलतील आणि क्रेन परत नेतील, मला ओळख नाही का यांची?

पण खरं सांगायचं तर संध्याकाळी धक्क्यावर गेले आणि पहिला तुकडा वर उचलताना डोळे मिटून घेतले. इतके दिवस उचला, उचला म्हणून ओरडले, आणि उचलला तेव्हा मनात म्हटलं, नको, राहू दे. खाली फक्त चिखल होता.

२५ मार्च

दोन तुकडे. काही नाही.

२७ मार्च, गुरुवार

होडी सापडली.

होडी कसली, फळ्या. नाळेवरचा एक पिवळा डोळा शाबूत होता, दादूने काढलेला. आणि फळीखाली अडकलेली प्लास्टिकची पिशवी. आत माझा शर्ट — त्याच्यासाठी आणलेला, घडी न मोडलेला. आणि त्याचा फोन.

मी पिशवी हातात घेतली आणि तिथेच चिखलात बसले. सगळं गाव धक्क्यावर उभं. ज्यांनी रुसून गेला असेल म्हटलं त्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं होतं, खरी ठरले की बरं वाटेल. अजिबात नाही वाटलं.

देवेश चिखलात उतरून आला, बूट-पँटसकट. "ताई, तुमचं खरं होतं." रडत होता. "तुम्ही म्हणालात तेव्हाच मी विश्वास ठेवायला हवा होता." मी म्हटलं, आता ठेवतोस ना? मग शेवटचा तुकडा उचलेपर्यंत इथून हलायचं नाही. माझा भाऊ मला पूर्ण हवाय. तो म्हणाला, नाही हलणार. त्याने शब्द पाळावा. नाही पाळला तर गाठ माझ्याशी आहे.

आता राहिलाय चिमणीचा बुंधा. सगळ्यात जाड, बरोबर खाडीच्या तोंडावर. पाण्याने वाहून दादू तिथेच गेला असणार म्हणतात. बुंधा निघाला की खाडीही मोकळी.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी नाही.

बाबा आज बोलले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. भिंतीला टेकून बसले होते, म्हणाले, "सुकानू द्यायला पायजे होता गो त्याच्या हातात. चुकला असता तर चुकला असता." मी त्यांचा हात हातात घेऊन बसले. किती हलका झालाय तो हात.

बुंध्याला साखळ्या लागल्या आहेत. एक तुटली. देवेश म्हणतो, वरचे साहेब विचारताहेत, अजून किती दिवस? माणूस काही जिवंत सापडणार नाही, मग बुंधा पावसाळ्यानंतर काढला तर? मी त्याला सांगितलं, साहेबांना सांग, तिच्या भावाला अग्नी दिल्याशिवाय ती बाई मरतही नाही आणि मरूही देत नाही. तसंच्या तसं सांगतो म्हणाला.

२ एप्रिल, बुधवार

गेटवर बसले होते. अनोळखी नंबर. उचलला.

"कल्पे, होली कनचे बाजूला परली?"

दादू! हर्णैवरून. त्या रात्री पिशवी होडीत टाकली आणि रागाने तसाच उठून गेला, कोणाच्या तरी ट्रॉलरवर चढला, इतके दिवस खोल दर्यात. आज बंदराला लागले. होडी एकटी टाकून गेलो म्हणून बाबा ओरडतील, म्हणून आधी मला फोन. चिमणीचं त्याला काहीच ठाऊक नाही.

मी त्याला आईबापावरून शिव्या दिल्या. माझेच आईबाप, तरी दिल्या. मग रडू आलं ते थांबेना. तुटलेल्या साखळीचं सांगायला ऑफिसात आलेला देवेश धावत आला — "ताई, काय झालं? कोणाचा फोन?" मी मान हलवली, काही नाही म्हटलं, क्रेन थांबवू नका. त्याचेही डोळे भरले. लगेच फोन लावून दुसरी साखळी मागवली त्याने.

मग पदराआड तोंड घालून दादूला म्हटलं, होळी कुठे पडली कोणी बघितलंच नाही रे. बाबांच्या कानात मी सांगते, ते ओरडणार नाहीत. तू जेव पोटभर. आणि त्याच ट्रॉलरवर अजून एक खेप मारून ये. बुंधा निघायचाय.